आधी थोरलीचा दात

उमरगा, १८ नोव्हेंबर २०२४

अयोध्ये,

आशीर्वाद आहेतच, पण ते शेवटी. आधी माझा राग वाच.

सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला तू कागदावर लिहायला लावते आहेस. गेले पंधरा दिवस मी फोन लावते आहे. दर वेळी तुझी सून अक्षदा उचलते आणि म्हणते, "मोठ्या आई, आत्या शेळ्यांकडं गेल्यात." सकाळी शेळ्या, दुपारी शेळ्या, दिवेलागणीलाही शेळ्या. शेवटी तिनं सांगितलं की मल्हारच्या फोनवर सगळं घर कान लावून बसतं, म्हणून तुला पत्र हवं आहे. ठीक आहे. पत्र तर पत्र. पोस्टमननं फोडून वाचलं तरी माझी हरकत नाही, त्याच्याही ज्ञानात भर पडेल.

तुझा मल्हार परवा सोयाबीन घेऊन इथल्या अडतीवर आला होता. तो बोलता बोलता म्हणाला की आईच्या गालात आतून पांढरा चट्टा आलाय, दसऱ्यापासून आहे, तिखट लागू देत नाही. दसऱ्यापासून! दिवाळीला मी दोन दिवस माकणीत तुझ्या घरी होते. तू माझ्या पानात वाढत होतीस, मी खात होते, आणि तू एक अक्षर बोलली नाहीस. थोरली जाऊ म्हणजे काय फक्त पाया पडून घ्यायला ठेवलेली मूर्ती?

आता नीट ऐक. महिन्याहून जास्त टिकलेली तोंडातली जखम दाताच्या डॉक्टरला दाखवायची असते. बब्रुवान भाऊजींना सांग, मल्हारला सांग, गाडीला पैसे नसतील तर मला सांग, पण जा. आणि ती मिश्री बंद कर. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, ती सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना चोळायची आणि वर म्हणायचं की दात स्वच्छ राहतात. तव्याची काजळीही मग स्वच्छच म्हणायची.

आठ दिवसांत डॉक्टरला दाखवून आल्याचं पत्र मला पाहिजे.

आता आशीर्वाद.

वर्षाराणी


माकणी, २५ नोव्हेंबर

अक्का,

दोन्ही हात जोडून पाया पडते. राग वाचला. दोनदा वाचला. तुम्ही समोर बसून बोलताय असं वाटलं.

गालातलं म्हणाल तर चुन्यानं भाजलंय. शेजारच्या सिद्धम्मानं लावून दिलेल्या पानात चुना जास्ती पडला, म्या तसंच खाल्लं. भाजलेलं बरं व्हायला वेळ लागतोच. मिश्री बंद कर म्हणता, पण तीच लावली की ठणका बसतो. न्हाय लावली की दुखतं. मग औषध कुठलं ते तुम्हीच सांगा.

डॉक्टरकडं जायला मी न्हाय म्हणत न्हाय. पण आपल्या घराच्या रिवाजानं जाईन. मी लग्न होऊन आले तवा सासूबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, ह्या घरात धाकटीनं थोरलीच्या आधी कशाला हात लावायचा न्हाय. नवं लुगडं आधी थोरलीनं नेसायचं. येळवसच्या आवसेला शेतातल्या खोपीत पहिलं पाणी थोरलीनं शिंपडायचं, मग धाकटीनं. तुम्ही उमरग्याहून यायच्या, तुमची गाडी उशिरा, आमी सगळी उपाशी बसून. एकदा म्या तांब्या उचलला तर तुम्ही बांधावरूनच वरडल्या, "अयोध्ये, ठेव तो. आधी मी." अख्ख्या शिवारानं ऐकलं.

आता म्हणा की आधी मी.

दिवाळीला तुम्ही करंजी चहात बुडवून खाल्ली. शेंगदाण्याचा लाडू एक घास खाल्ला आणि डावा गाल धरून बाहेर गेल्या. म्हणाल्या, शेळ्या बघते. तुम्हाला शेळ्यांची माया कधीपास्नं? तुमच्या पिशवीत लवंगाची डबी हाय आणि डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट हाय. डोकं तुमचं कधी दुखत न्हाय, दुसऱ्यांचं दुखतं. तवा दुखतोय तो दात हाय. किती वर्सं झाली तोंड दाखवून? लग्नापास्नं तर न्हाय, मला ठाऊक हाय.

आधी थोरलीचा दात, मग धाकटीचा गाल. ह्यात माझं काही न्हाय, तुमच्या सासूचा शब्द हाय.

तुमची,
अयोध्या


उमरगा, २ डिसेंबर

प्रिय अयोध्या,

तुझं पत्र मिळालं. तुझं म्हणणं रास्त आहे. मी काल इथल्या दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. फार सज्जन मनुष्य आहेत. दवाखाना स्वच्छ आहे. त्यांनी दात तपासला, थोडं औषध भरलं. अजिबात दुखलं नाही. दहा मिनिटांत काम झालं. मी उगीच इतकी वर्षं टाळत होते असं आता वाटतं.

तेव्हा आता तुझी पाळी. विनाकारण घाबरू नकोस. तारीख कळव.

सर्वांना आशीर्वाद.

वर्षाराणी


माकणी, ९ डिसेंबर

अक्का,

पाया पडते, पण तुम्ही खोटं लिहिलंत.

तुमचं पत्र अक्षदाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मोठ्या आईचं अक्षर वाटतं पण पत्र दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं. मी सांगते का ते. तुम्ही एका ठिकाणी जाऊन आल्या आणि तिथल्या कुणालाच शिव्या दिल्या न्हाईत. बाकड्यावर धूळ नव्हती, पंखा नीट चालत होता, कंपाउंडर उर्मट नव्हता, तुमच्या आधी कुणी घुसलं नाही. असं आजपर्यंत एका तरी हापिसात झालंय का? तुम्ही देवळात जाऊन आल्या तरी पुजाऱ्याच्या धोतराला नावं ठेवता. आणि डॉक्टर सज्जन!

तुम्ही गेलाच न्हाय.

मला राग ह्याचा न्हाय की तुम्ही भ्याल्या. राग ह्याचा हाय की "अजिबात दुखलं नाही" लिहिलंत. ते वाचून मी खरंच निघणार होते. शबनम पिशवी काढली, लुगडं काढून ठेवलं. म्हटलं, अक्काला दुखलं न्हाय तर मला काय दुखायचं. मग रात्री परत वाचलं.

आता मी कशाच्या भरवशावर जाऊ?

अयोध्या


उमरगा, १६ डिसेंबर

अयोध्ये,

बरं. गेले नव्हते.

गेले होते जिन्यापर्यंत. खाली उभी राहिले. वरून ते यंत्राचं किरकिरणं ऐकू आलं आणि माझे पाय वळले. घरी येऊन तुला पत्र लिहिलं. तुला लिहिलेलं ते वाक्य मला फार पूर्वी कोणीतरी सांगितलेलं आहे, म्हणून ते इतकं सहज हातातून उतरलं.

मी सोलापूरला कॉन्व्हेंटमध्ये होते हे तू मला वर्षानुवर्षं टोमणा म्हणून ऐकवलं आहेस. त्या शाळेत दर वर्षी दाताचा डॉक्टर यायचा. हॉलमध्ये रांग. माझी पाळी आली तेव्हा सिस्टरनं माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "ही विल ओन्ली लुक." तो फक्त बघणार आहे. मी तोंड उघडलं. त्याच्या मुठीत काय होतं ते मला दिसलं नाही. पुढच्या क्षणी माझा दात पत्र्याच्या ताटलीत वाजला. दुधाचा होता, हलत होता, आठ दिवसांत आपोआप पडला असता. पण बघतो म्हणाला होता. मी त्याच्या बोटाला चावले आणि संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात उभी राहिले. त्यानंतर "काही नाही होत" म्हणणाऱ्या माणसासमोर मी तोंड उघडलेलं नाही.

तुझं पत्र आल्यावर मात्र लाज वाटली आणि गेले. खरंच गेले. हायवेवरचा, मोठ्या काचेचा दवाखाना. आता तुला हव्या त्या शिव्या वाच. बाकड्यावर माझ्या आधी पाच जण आणि चपला सगळीकडे विखुरलेल्या. आत डॉक्टर कोणाशी तरी प्लॉटच्या भावाबद्दल फोनवर बोलत होता. फोन खांद्यानं कानाशी धरून त्यानं मला हातानं खुर्ची दाखवली. नाव नाही, काय दुखतं नाही. माझ्या गळ्यात तो निळा कागद बांधला, खुर्ची मागे पाडली आणि म्हणाला, "आजी, तोंड उघडा. काही नाही होत." आणि त्याचा एक हात माझ्या मागे होता. मला दिसत नव्हता.

मी उठले. तो फोनवर म्हणाला, "एक मिनिट हं." मी म्हटलं, "एक मिनिट कशाला, आरामात बोला. प्लॉट घ्या, बंगला बांधा." आणि बाहेर पडले. बसस्टँडपर्यंत आल्यावर एका पोरीनं सांगितलं की माझ्या गळ्यात तो निळा कागद तसाच आहे.

तर हे खरं. आता पुन्हा जाणार नाही. माझा दात माझ्यापाशी, तुझा गाल तुझ्यापाशी असं म्हणायलाही मन होत नाही, म्हणून तसं म्हणत नाही. पण मला जमत नाही.

यंदा येळवसला मी येणार नाही. कारण विचारू नकोस.

वर्षाराणी


माकणी, १ जानेवारी २०२५

मोठ्या आई,

नमस्कार करते. मी अक्षदा. हे पत्र आत्यांना न सांगता लिहितेय, तुम्ही पण सांगू नका.

परवा येळवस झाली. तुम्ही आला नाहीत असं माझ्या लग्नापासून पहिल्यांदाच झालं. खोपीपुढं सगळे जमले, आत्या तांब्या घेऊन नुसत्याच उभ्या. मामंजी म्हणाले, "शिंपड की आता, किती वेळ?" आत्या म्हणाल्या, "माझी पाळी न्हाय." शेवटी मामंजींनीच पाणी शिंपडलं.

मोठ्या आई, शेंगा-भाज्यांची भज्जी त्यांनी स्वतः शिजवली, पण एक घास खाल्ला नाही. बाजरीचे उंडे नाहीत, भाकरी नाही. आंबील तेवढी प्यायल्या, तीही मान एका बाजूला करून. मी मागं लागले तेव्हा रडकुंडीला आल्या आणि त्यांनी मला तोंड उघडून दाखवलं. दोन बोटं जेमतेम जातात. गालात पांढरं होतं तिथं आता मधे खड्डा पडलाय आणि कडा हाताला कडक लागते. त्या दुधात भाकरी भिजवून, कुस्करून गिळतात. कधीपासून ते सांगत नाहीत.

तुम्हाला त्यांनी फोनवर सगळे ऐकतात म्हणून पत्र लिहायला लावलं ना? तसं काही नाही. त्यांना बोलता येत नाही नीट. शब्द जाड येतात. तुम्ही टेलिफोनमध्ये होता, तुम्हाला आवाजावरून लगेच कळेल, म्हणून त्या फोनवर येत नाहीत. शेळ्यांकडं गेल्या म्हणून सांग असं त्यांनीच मला शिकवलं.

घरात कुणाचं ऐकत नाहीत. मल्हारनं गाडी दारात आणून लावली तर आत कडी लावून बसल्या. "अक्काचं झाल्याबिगर न्हाय." एवढंच म्हणतात. आम्हाला वाटायचं चेष्टा करतात. चेष्टा नाही.

तुम्ही काहीतरी करा.

अक्षदा


उमरगा, ८ जानेवारी

अयोध्ये,

थोरलीचा मान झाला. कसा झाला ते सगळं लिहिते, शिव्यांसकट, म्हणजे तुला पटेल.

येळवसला येणार नाही असं लिहिलं तेव्हाच माझा डावा गाल सुजू लागला होता, येळवसपर्यंत तो लिंबाएवढा झाला. पहिल्या तारखेनंतर तो संत्र्याएवढा झाला. आमच्या शेजारची शांताक्का, जिच्याशी मी नळाच्या पाण्यावरून गेली अनेक वर्षं भांडते, ती दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "बाई, आता भांडायला पण तोंड उघडंना का तुमचं?" मग म्हणाली, "त्या प्रतीक्षाकडं जावा. ती आधी सांगती, मग करती." मी म्हटलं, सगळे डॉक्टर असंच म्हणतात. शांताक्का म्हणाली, "म्हणतात, बाई, पण आधी सांगत न्हाईत. तेच तर."

खताच्या दुकानावर तिचा दवाखाना आहे. जिना उभा, कठडा डगमगता, भिंतीला रंग कधी दिलेला आठवत नसेल. बाकडं एकच आणि त्याचा एक पाय आखूड. समाधान झालं?

मुलगी तिशीची. तिनं मला खुर्चीवर बसवलं नाही. टेबलाजवळ साध्या खुर्चीत बसवलं, स्वतः माझ्यापेक्षा खाली स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काय होतंय ते सांगा. तोंड उघडायचं नंतर बघू."

मी तिला सिस्टरपासून निळ्या कागदापर्यंत सगळं सांगितलं. म्हटलं, "फक्त बघते असं म्हणालीस तर मी आत्ता उठेन."

"नाही म्हणत," ती म्हणाली. "आज बघणार, फोटो काढणार आणि पू असेल तर त्याला वाट करून देणार. सुई टोचेल. मुंगी चावल्यासारखी असं मी सांगणार नाही, सूज आहे, तुम्हाला चांगलीच दुखेल. बधिर झाल्यावरही थोडं कळेल, सुजलेल्या जागी औषध पूर्ण चढत नाही. तुम्ही डावा हात वर केला की माझा हात तोंडाबाहेर. कितीही वेळा."

मग तिनं दोन्ही हात माझ्यासमोर उलटे-सुलटे करून दाखवले. मी मागितले नव्हते.

दुखलं, अयोध्ये. सुई दुखली, त्यानंतरचंही दुखलं. मी पहिल्यांदा हात वर केला, ती थांबली. दुसऱ्यांदा केला, थांबली. मग मी काही दुखत नसताना हात वर केला. तिचा हात लगेच बाहेर. पुन्हा एकदा तसंच केलं. पुन्हा बाहेर. म्हणाली, "परीक्षा घेताय का मॅडम?" मी मान हलवली. "घ्या. सासूबाई रोज घेतात, सवय आहे."

पू निघाला. घाण, काळपट. त्या रात्री मी गोळी न घेता झोपले. दात वाचेल म्हणते, अजून दोनदा जायचं आहे, आणि मी जाणार आहे.

उठताना मी तिला तुझ्या गालाबद्दल सांगितलं. किती दिवसांचं आहे, आता कसं दिसतं, तोंड किती उघडतं. मला हे कोणी सांगितलं ते विचारू नकोस, तू मला जे सांगतेस त्याहून मला बरंच जास्त कळतं. ती लिहीत होती, ते थांबलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "त्यांना आठ दिवसांत आणा. पुढच्या महिन्यात नको."

म्हणून गुरुवारी, सोळा तारखेला ये. आता तुझ्याकडे सबब उरलेली नाही.

वर्षाराणी


माकणी, ११ जानेवारी

अक्का,

पाया पडते. मल्हारच्या हाती चिठ्ठी देते, टपालाला वेळ लागंल.

तुमचं पत्र वाचून जीव थंड झाला. तुमची सूज उतरली ना? मीठपाण्याच्या गुळण्या करत जा. आणि शांताक्काला पाणी भरू देत जा.

पण मी गुरुवारी येत न्हाय. तुम्ही लिहिलंत, ती गप्प झाली. तिथंच कागद खाली ठेवला.

आता खरं सांगते. मला सुईचं भ्या न्हाय. चार लेकरं घरात बाळंत होऊन काढली, त्यातलं एकच राहिलं, मला दुखण्याचं काय सांगता. आपल्या सासूबाई गेल्या तवा तुम्ही नोकरीवर होता. शेवटचं सगळं म्या केलं. त्यांच्या गालात पण आधी पांढरंच आलं होतं. त्या पण म्हणायच्या, चुन्यानं भाजलं. त्या पण मिश्री लावून ठणका मारायच्या. सोलापूरला नेलं तवा डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं, बॅटरी बंद केली आणि गप्प बसला. आमच्याकडं बघितलंच न्हाय. त्या गप्प बसण्यावरनं सासूबाईला कळलं. परत येताना गाडीत मला म्हणाल्या, "अयोध्ये, मी आता मेले बघ." अजून त्या पाच म्हयने जगल्या, पण मेल्या त्या दिवशीच.

मला हे पहिल्या दिवसापास्नं ठाऊक हाय. चुन्याचं मी तुम्हाला लिहिलं, मला स्वतःला न्हाय लिहिलं.

मला खुर्चीचं भ्या न्हाय, अक्का. ती पोरगी बघंल आणि गप्प बसंल, त्याचं हाय.

अयोध्या


उमरगा, १२ जानेवारी

अयोध्ये,

मल्हार दारात उभा आहे, उत्तर घेऊनच जाणार म्हणतो. म्हणून थोडक्यात.

चिठ्ठी वाचून मी तशीच प्रतीक्षाकडे गेले. बाकड्यावर माणसं होती, त्यांच्या आधी घुसले. लोकांनी मला शिव्या दिल्या, त्या मी घेतल्या. तिला तुझी चिठ्ठी वाचून दाखवली. रागावू नकोस.

तू मला अट घातलीस, तशी मी तिला घातली. ती तुझ्या तोंडात बघताना गप्प बसणार नाही. जे दिसेल ते बघता बघता मोठ्यानं बोलत जाईल, मराठीत, तुला कळेल असं. चांगलं दिसलं तर चांगलं, वाईट दिसलं तर वाईट. कळलं नाही तर कळत नाही असं म्हणेल. तुला नको झालं तर तू हात वर करायचा, ती बोलायची थांबेल. तिनं कबूल केलं आहे. म्हणाली, "माझ्याकडे हे कोणी कधी मागितलं नव्हतं."

मी तुझ्या शेजारी उभी असेन. तुझा हात धरणार नाही, तुला आवडत नाही ते मला माहीत आहे. पण असेन.

सासूबाई सोलापूरला गेल्या तेव्हा त्यांना पाणीही गिळता येत नव्हतं. तू अजून आंबील पितेस. फरक किती ते मला माहीत नाही, तुलाही नाही. माहीत करून घ्यायला ये.

काही होणार नाही असं मी लिहिणार नाही.

गुरुवारी सकाळची लोहाऱ्याची गाडी. मी स्टँडवर उभी आहे.

वर्षाराणी


उमरगा, ३० जानेवारी

अयोध्ये,

त्या गुरुवारी प्रतीक्षा तुझ्या तोंडात बघत अर्धा तास बोलत होती आणि तू एकदाही हात वर केला नाहीस. तेव्हा हेही सरळच लिहिते. फोन केला असता तर तू अक्षदाच्या कानाशी कान लावून ऐकलं असतंस आणि तिच्या तोंडाकडे बघत बसली असतीस. कागद तुझ्या हातात राहील. वाचून झाल्यावर ठेव, मग घरच्यांना सांग. आधी तू.

तुकडा काढून पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आला. आहे. सासूबाईंना होतं तेच आहे.

पण आकारानं तेवढं नाही. प्रतीक्षा म्हणते, गालातच आहे असं वाटतं, हाडाला लागलेलं वाटत नाही, मानेत हाताला गाठ लागत नाही. वाटतं असं तिनं तीनदा म्हटलं, मीही तसंच लिहिते. तोंड उघडत नाही ते बरंचसं दुखण्यामुळे. नक्की काय ते बार्शीच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झाल्यावर कळेल. गालाचा तुकडा काढतील, त्या बाजूच्या दाढा काढतील, मानही उघडून बघतील. चेहरा पूर्वीसारखा राहणार नाही. मी विचारलं, वाचेल का? ती म्हणाली, "मी खात्री देऊ शकत नाही. पण मी माझ्या आईला आजच बार्शीला घेऊन गेले असते."

हे पाकीट बंद करून मल्हारच्या हाती देते आहे; त्याला सोमवारची गाडी ठरवायला सांगितलं आहे, कारण सांगितलेलं नाही. मी लोहाऱ्यातून बसेन.

मिश्रीची डबी विहिरीत टाकू नकोस, पाणी खराब होईल. उकिरड्यात टाक.

वर्षाराणी


बार्शी, ४ मार्च

अक्का,

पाया पडते. अक्षर वाकडं आलंय, हाताला सुई हाय. बोलायला अजून महिना जाईल म्हणतात, तवा हातानंच बोलते.

नळी नाकातनं हाय. त्यातनं दूध देतात, पातळ भात देतात. चव कळत न्हाय. शेजारच्या खाटेवरची बाई जळकोटची. तिचं तोंड माझ्याहून कमी उघडायचं, तिला आणायला लई उशीर झाला. काल तिला घरी नेलं. ती जाताना डोळ्यानंच बोलली माझ्याशी.

आज मोठे डॉक्टर आले. त्यांना म्या आधीच कागदावर लिहून दिलं होतं, बघताना गप बसायचं न्हाय. ते हसले, पण बोलले. मानेतनं काढलेल्या गाठी सगळ्या स्वच्छ निघाल्या. गालातलं कडेपर्यंत निघालंय. मशीनच्या किरणांचा शेक द्यावा लागंल का ते पंधरा दिवसांनी सांगतील. मल्हार बाहेर जाऊन रडला. मी बघितलं न्हाय असं केलं.

एक काम हाय तुमच्याकडं.

मांडीचं कातडं काढून गालात लावलंय. आज पट्टी काढली. नर्सनं आरसा आणला, म्या परत पाठवला. ह्यांना विचारलं, कसं दिसतं? म्हणाले, लई फरक न्हाय. अक्षदा म्हणाली, छान दिसता आत्या. मल्हार माझ्या पायाकडं बघून बोलतो.

तुम्ही या. समोर बसा, बघा आणि काय दिसतं ते मोठ्यानं सांगा. गोड बोलणार असाल तर उमरग्यालाच राहा.

अयोध्या